वर्ग तळमजल्यावर आणला तेव्हा

तेहतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर आमच्या समाजाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मला घेण्यात आले. इतिवृत्त लिहिण्याचे काम तेव्हापासून माझ्याकडे आहे. त्या इतिवृत्ताच्या जुन्या वहीत माझ्याच हस्ताक्षरातला एक ठराव आहे: ‘शैक्षणिक मदत मंजूर. प्रवेश देणे शक्य नाही.’ हा लेख त्या एका ओळीमुळे लिहीत आहे.

मे महिन्याची सभा होती. पहिलीच्या प्रवेशअर्जांत एक अर्ज साडेसहा वर्षांच्या मुलाचा होता. ‘इतर माहिती’ या रकान्यात वडिलांनी नेटक्या अक्षरांत लिहिले होते की मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालतो, बोलणे सावकाश आहे, समजते मात्र सगळे. अर्जावरचे आडनाव आम्हा सर्वांच्या परिचयाचे. मार्केट यार्डात त्यांची दोन पिढ्यांची अडत पेढी. चातुर्मासात, पर्युषणात, गोशाळेच्या चाऱ्यात, कुठल्याही कार्यात त्यांचे नाव मागे राहिलेले नाही. अर्ज वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आपल्या घरचेच मूल आहे. शहरात अशा मुलांसाठी खास शाळा आहे म्हणतात. तिथला सगळा खर्च ट्रस्टने उचलावा. पण इथे कसे व्हायचे, ताई? वर्ग वरच्या मजल्यावर, एका वर्गात पंचावन्न मुले. पडले-बिडले तर जबाबदार कोण?”

त्यांच्या स्वरात काळजी होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. देऊ केलेली मदतही लहान नव्हती. सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली आणि ठराव लिहिला.

चार दिवसांनी मुलाचे आजोबा मंजुरीचे पत्र परत करायला आले. पांढरी टोपी, हातात पेढीची कापडी पिशवी. मी चहा विचारला, त्यांनी नको म्हटले. पत्र टेबलावर ठेवून ते एवढेच म्हणाले, “आम्ही पैसे मागितले नव्हते, ताई. जागा मागितली होती.”

व्यापारी घरांत वाढलेल्या आपल्याला देणे येते. दानाची शिस्त आपल्या रक्तात आहे. जयपूरला १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने लाखो लोकांना कृत्रिम पाय, कॅलिपर, तीनचाकी सायकली विनामूल्य दिल्या. त्या कामाला देशभरातल्या जैन कुटुंबांनी हात दिला. आमच्या गावातही जयपूर फूटचे शिबिर भरते. मंडप उभारतो, आलेल्यांना जेवण देतो, पाय बसवून झालेला माणूस चार पावले टाकतो तेव्हा आपल्या डोळ्यांत पाणी येते. ते पाणी खरे असते. मात्र ज्या शाळेच्या मैदानावर ते शिबिर भरते, तिच्या दारात दोन पायऱ्या आहेत आणि बाजूला उतार नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते. मी त्याच पायऱ्यांवर उभी राहून पाहुण्यांचे स्वागत केले आहे.

आजोबा गेल्यानंतर मी कायदा वाचायला बसले. शिक्षिकेला तो आधीच ठाऊक असायला हवा होता, नव्हता.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ च्या डिसेंबरात संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे दिव्यांगत्व धरले होते. नव्या कायद्यात ते एकवीस आहेत. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, आम्लहल्ल्यातून आलेले व्यंग हे सर्व आता त्यात आहे. या कायद्याचे सोळावे कलम शाळांविषयी आहे. शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, खेळ व करमणुकीतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी, इमारत आणि आवार त्यांना वापरता येईल असे करावे, प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, अशी अपेक्षा त्यात आहे. एकतिसाव्या कलमाप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, हे निवडण्याचा हक्कही आहे. निवड मुलाची आणि पालकांची. आमच्या समितीने ती परस्पर करून टाकली होती.

पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एका विश्वस्तांनी विचारले, “पण आपली शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे ना? ते नियम आपल्याला नाहीत.” हा गैरसमज अनेक ठिकाणी आढळतो, म्हणून थोडे सविस्तर सांगते. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘प्रमती’ प्रकरणात निकाल दिला की बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. पंचवीस टक्के राखीव जागांचे बंधन आपल्या शाळांवर नाही ते या निकालामुळे. दिव्यांग हक्कांचा कायदा मात्र वेगळा आहे आणि त्याच्या सोळाव्या कलमात ‘मान्यता दिलेल्या’ संस्था असे शब्द आहेत. आमच्या शाळेच्या पाटीवर मान्यता क्रमांक ठळक रंगवलेला आहे. विश्वस्तांनी तो खिडकीतून पाहिला आणि विषय पुढे चालू झाला.

या विचाराचा इतिहास फार जुना नाही. १९७४ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. तिच्यात शाळा होती तशीच राहायची आणि जे मूल तिच्याशी जुळवून घेऊ शकेल त्याला आत घ्यायचे. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या सरकारांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा मान्य केला. जुळवून घेण्याची जबाबदारी शाळेची आहे, असे त्याचे सांगणे होते. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार याच दिशेचा. भारताने त्यावर २००७ मध्ये मान्यतेची मोहर उमटवली.

मला या इतिहासात सर्वांत बोलके वाटते ते मुंबईचे उदाहरण. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी मुंबईत विशेष शाळा सुरू केली. त्यांची कन्या मालिनी हिलाच हे दिव्यांगत्व होते आणि तिला शिकवायला त्या काळी जागा नव्हती. स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या नावाने ती संस्था वाढली. विशेष शाळेची वाट ज्यांनी देशाला दाखवली त्याच अलूरबाई पुढे म्हणू लागल्या की या मुलांची जागा सर्वांच्या शाळेत आहे. संस्थेने आपल्याकडची मुले नेहमीच्या शाळांत पाठवायला सुरुवात केली आणि आपले नावही बदलून ‘अडाप्ट’ असे घेतले. स्वतः उभारलेल्या कामाची दिशा स्वतःच बदलणे सोपे नसते. व्यापारात ज्याने चालती पेढी बंद करून दुसरा धंदा धरला असेल त्याला ते कळेल. मालिनी चिब यांनी उच्च शिक्षण घेतले, एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. ‘वन लिटल फिंगर’ हे त्याचे नाव.

पुढच्या जूनमध्ये आमच्याकडे तो मुलगा आला. अध्यक्ष स्वतः त्याच्या घरी गेले होते, हे त्यांच्या मोठेपणाचे.

खर्चाची भीती सर्वांना होती, त्यामुळे आधी हिशेबच सांगते. सर्वांत मोठा अडथळा जिन्याचा होता आणि तो दूर करायला एक पैसा लागला नाही. तळमजल्यावर दहावीचा एक वर्ग होता. तो वर गेला, पहिलीचा वर्ग खाली आला. मुले वरच्या वर्गात जातात तसा त्याचा वर्गही पुढे जातो, खोली मात्र तळमजल्यावरच असते. इतकी वर्षे आम्ही ‘वर्ग वरच्या मजल्यावर आहे’ असे म्हणत होतो, जणू तो तेथे निसर्गतःच उगवला होता.

दारातल्या पायऱ्या प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरच्या, म्हणजे चढ तीस सेंटिमीटरचा. उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणून उताराची लांबी ३ मीटर ६० सेंटिमीटर झाली. पहिला गवंडी म्हणाला होता, “सहा फुटांत बसवतो.” तसे केले असते तर वॉकर घेतलेले मूल त्यावरून घसरले असते आणि ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणायला लोक मोकळे झाले असते. ही चूक अनेक मंदिरांत, मंगल कार्यालयांत आणि दवाखान्यांतही झालेली दिसते. उतार असतो, पण तो चढवत नाही. स्वच्छतागृहाचे दार अरुंद होते, ते नव्वद सेंटिमीटरचे केले आणि भिंतीला पकडायला लोखंडी नळी बसवली. सुताराने त्याच्या बाकाच्या कडेला बारीक पट्टी ठोकली म्हणजे पेन्सिल घरंगळणार नाही. हा सगळा खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपभाड्यापेक्षा कमी आला. खजिनदारांनी आकडा दोनदा तपासला.

अवघड होते ते वर्गातले. शिक्षिका तरुण, कष्टाळू; तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले की हा मुलगा उत्तर देत नाही. मी वर्गात मागे जाऊन बसले. ती प्रश्न विचारायची, तीन-चार सेकंद थांबायची आणि पुढच्या मुलाकडे वळायची. त्याचे ओठ हलायला सुरुवात व्हायची तेवढ्यात उत्तर दुसऱ्या कुणी दिलेले असायचे. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचे, एवढे तिने ठरवले. दहा आकडे वर्गात फार लांब वाटतात; पहिल्यांदा ती शांतता तिलाही सोसवेना. आठवड्याभरात त्याची उत्तरे येऊ लागली. आणखी एक गोष्ट घडली: मागच्या बाकावरच्या ज्या दोन मुली कधीच हात वर करत नव्हत्या, त्याही करू लागल्या. त्यांनाही वेळच हवा होता.

लेखनाच्या बाबतीत दहा गणितांऐवजी पाच, आणि त्यांतली दोन तोंडी. काही पालकांना हा पक्षपात वाटला. पाच गणितांतून त्याला वजाबाकी येते की नाही हे कळत असेल तर उरलेली पाच केवळ त्याच्या बोटांची परीक्षा ठरतात, हे मी त्यांना समजावले. सर्वांना पटले असे म्हणणार नाही. एका कुटुंबाने आपल्या मुलीचा दाखला काढून नेला.

मुलांचा प्रश्न मोठ्यांना वाटतो तसा आला नाही. चिडवणे फार थोडे झाले. उलट पहिल्या महिन्यात सगळा वर्ग त्याच्या सेवेत होता. त्याचे दप्तर कुणी उचलायचे, डबा कुणी उघडून द्यायचे, ‘त्याला हे म्हणायचंय’ असे त्याच्या वतीने कुणी बोलायचे. मोठ्यांना त्यात अनुकंपेचा संस्कार दिसला. मुलगा मात्र गप्प होत चालला. शिक्षिकेने नियम केला: मदत हवी का, ते आधी विचारायचे, तो नको म्हणाला तर हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी त्याने डबा स्वतः उघडला तेव्हा मधली सुट्टी जवळजवळ संपली होती.

तो दुसऱ्या महिन्यात पडलाही. हनुवटीला टाके पडले. त्या संध्याकाळी समितीच्या तीन सदस्यांचे मला फोन आले. त्याच्या आईचाही आला. ती म्हणाली, “ताई, घरी तो आठवड्यातून दोनदा पडतो. उद्या पाठवू ना?” सुरुवातीचा महिनाभर हीच माउली व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत असे, कारण स्वच्छतागृहापर्यंत नेण्याचा प्रश्न होता. पुढे शाळेतल्या मावशींनी ते काम आपणहून घेतले. त्यांचा पगार ट्रस्टने थोडा वाढवला. अशा मदतनिसाची तरतूद कायद्यातही आहे. खेळात आम्ही कमी पडलो. खो-खोच्या तासाला त्याला शिट्टी देऊन वेळ मोजायला बसवायचे, एवढीच आमची कल्पना होती. दुसऱ्या वर्षी शिक्षिकेने सगळ्या वर्गाला जमिनीवर बसवून चेंडूचा एक खेळ सुरू केला, तेव्हा तो खऱ्या अर्थाने खेळला आणि मनसोक्त भांडलाही.

आता थोडे आपल्या घरांविषयी. हे लिहिताना काहींना राग येईल.

दिव्यांग मूल असलेल्या घरात शाळेचा अर्ज भरण्याआधी एक वेगळीच सभा होते. मोठ्या मुलीचे लग्न व्हायचे आहे, लोकांना कळले तर स्थळे येणार नाहीत, अशी चर्चा त्या सभेत होते. मग पाहुणे आले की मूल आतल्या खोलीत जाते. प्राप्तिकरात सवलत मिळते म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढलेले असते, ते सनदी लेखापालाच्या फायलीत असते. शाळेला मात्र दाखवलेले नसते. शाळा नाकारते ही तक्रार खरी आहेच, पण कितीतरी मुले शाळेच्या दारापर्यंत पोचतच नाहीत, कारण घराने त्यांना आधीच नाकारलेले असते. ‘शिकून कुठे नोकरी करायची आहे, दुकान आपलेच आहे’ हे वाक्य तर मी असंख्य वेळा ऐकले. ज्याला वाचता येत नाही, चार लोकांत बोलायची सवय नाही, तो दुकानात बसून काय करणार? गल्ल्यावर बसलेला भाऊ जोपर्यंत सांभाळेल तोपर्यंत तो सांभाळला जाईल, इतकेच.

याउलट एक प्रकार असा आहे की तो आपल्याला दिव्यांगत्व म्हणून दिसतच नाही. अध्ययन अक्षमता. मी शिकवत असताना किराणा घाऊक व्यापाऱ्याचा एक मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात होता. सुट्टीत दुकानात बसायचा. तूर, मूग, हरभरा, साखर, प्रत्येकाचा किरकोळ आणि घाऊक भाव तोंडपाठ. साडेतेरा किलोचा हिशेब तोंडी, माझ्या आधी. वहीत मात्र ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल, जोडाक्षर आले की ओळ सोडून पुढे, एकाच शब्दाचे तीन वेगळे शुद्धलेखन. मी त्याला आळशी म्हटले. पुष्कळ वेळा, सगळ्या वर्गासमोर. डिस्लेक्सिया हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ प्रदर्शित झाला आणि तो चित्रपट पाहताना मला तो मुलगा आठवला. तोवर त्याने नववीत शाळा सोडून बरीच वर्षे झाली होती.

आज त्याच्यासाठी बरेच काही करता आले असते. शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी असेल तेव्हा, शाळेने अशा मुलांची प्राथमिक चाचपणी करायची असते. निदान झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास, गरजेनुसार लेखनिक, अशा सवलती आहेत आणि दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेतही त्या मिळतात. पण अर्ज वेळेवर करावा लागतो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहते. मूल बोलण्यात चलाख आणि लिहिण्यात मागे असेल तर शिकवणी बदलण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्यावी, एवढे कळकळीने सांगते. शारीरिक किंवा अन्य दिव्यांगत्वासाठी यूडीआयडी ओळखपत्र काढून ठेवावे. ते देशभर चालते.

सर्वसमावेशक शिक्षणाच्या नावाखाली काहीही चालवून घ्यावे, असे मात्र माझे मत नाही. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला साठ ऐकणाऱ्या मुलांत बसवून शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले तर ते मूल वर्गात असूनही वर्गाबाहेर आहे. कर्णबधिरांच्या विशेष शाळांत निदान सांकेतिक भाषेत बोलणारी सोबत असते. म्हणून काही कर्णबधिर व्यक्ती स्वतःच विशेष शाळांची बाजू घेतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. तीव्र बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी घरी शिक्षणाचीही तरतूद शिक्षणहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने केली आहे. तिचा उपयोग शाळांनी नको असलेली मुले घरी बसवण्यासाठी करू नये, ही काळजी रास्त आहे.

खरी उणीव विशेष शिक्षकांची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात यावर कडक निर्देश दिले आणि त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण ठरवले: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक. लहान गावांत हे अजून कागदावर आहे. आम्हाला तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून मार्गदर्शन मिळाले, पण त्या शिक्षकाकडे इतक्या शाळा असतात की महिन्यातून एक फेरी झाली तरी नशीब. समाजाच्या चार-पाच शाळांनी मिळून एक विशेष शिक्षक नेमावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. एकाच गावात तीन संस्थांची तीन स्वतंत्र सभागृहे बांधणाऱ्या आपल्याला हे अशक्य नसावे.

आपल्याच परंपरेत याची उदाहरणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. सौराष्ट्रातल्या लिमली गावच्या व्यापारी जैन कुटुंबात १८८० मध्ये जन्मलेल्या सुखलाल संघवींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या आजाराने गेली. शाळा आणि दुकान दोन्ही संपले. गावात येणाऱ्या साधू-साध्वींकडून ऐकून त्यांनी शिकायला आरंभ केला आणि पुढे काशीच्या यशोविजय जैन पाठशाळेत ते डोळस विद्यार्थ्यांबरोबर बसून न्याय आणि व्याकरण शिकले. कुणीतरी वाचून दाखवायचे, ते ऐकून धारण करायचे. पंडित बेचरदास दोशी यांच्यासमवेत त्यांनी ‘सन्मतितर्क’ या कठीण ग्रंथाचे संपादन केले, बनारस हिंदू विद्यापीठात जैन दर्शनाचे अध्यापन केले. १९७४ मध्ये ते पद्मभूषण झाले. पंडितजींच्या प्रज्ञेचे आपण कौतुक करतो, ते करावेच. मला त्या पाठशाळेतल्या वाचून दाखवणाऱ्या अनाम सहाध्यायांचीही आठवण येते. त्यांनी वाचले नसते तर?

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन घरातले. कुठल्याही जातीची मुले एका छताखाली राहतील आणि एका पंगतीत जेवतील, असे वसतिगृह त्यांनी साताऱ्यात १९२४ मध्ये काढले तेव्हा समाजातल्या भल्याभल्यांनी नाके मुरडली होती. ‘आमच्या मुलांवर परिणाम होईल’ ही भीती तेव्हाही अशाच काळजीच्या स्वरात सांगितली जात असणार.

आमच्या गावच्या धार्मिक पाठशाळेनेही हल्ली एक बदल केला. तिथे गाथा पाठ म्हणण्याची स्पर्धा असते आणि वेळेचे बंधन असते. या मुलाच्या आजीची फार इच्छा होती की त्याने भाग घ्यावा. वेळेचे बंधन काढले तर स्पर्धा कसली, असा वाद झाला. अखेर पाठशाळेच्या बहेनजींनी सर्वांसाठीच वेळ काढून टाकला आणि चुका मोजायच्या ठरवल्या. त्याला बक्षीस मिळाले नाही. दोन गाथा गाळल्या होत्या. परत येताना तो आजोबांवर चिडला होता, कारण त्या दोन गाथा त्यांनीच म्हणून घ्यायच्या राहिल्या होत्या.

आता तो तिसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत पेढीवर जातो. आजोबांनी वजनकाट्याजवळ त्याच्यासाठी एक उंच खुर्ची करून घेतली आहे; हमाल पोती टाकतात, तो काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगतो आणि मुनीम लिहून घेतात. सांगायला वेळ लागतो. घाईचे हमाल सुरुवातीला कुरकुरले, आता पोते टाकून थांबतात.

यंदाच्या अर्जांत एक अर्ज पाच वर्षांच्या मुलीचा आहे. दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. वडील बाजाराच्या कोपऱ्यावर फुले विकतात. आमच्या समाजाचे नाहीत, देणगीदारही नाहीत. तिच्यासाठी वर्गात आवाज कमी घुमावा म्हणून पडदे लावावे लागतील, शिक्षकांना तिच्याकडे तोंड करून बोलण्याची सवय लावावी लागेल आणि एकदा तज्ज्ञाला बोलवावे लागेल. एका सदस्यांनी मला फोनवर विचारले, “ताई, आपल्यातल्या मुलांचे ठीक होते. आता सगळ्यांसाठीच करायचे का?”

सभा रविवारी सकाळी दहा वाजता आहे. इतिवृत्त मीच लिहिणार आहे.